गिअर खडखडला म्हणून स्क्रू फिरवू नका

सायकलवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: गिअर खडखडत असतील तर मागच्या डिरेलरवरचे (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) एच आणि एल हे दोन स्क्रू आवाज थांबेपर्यंत फिरवा, केबल नवी असेल तर ती ताणली जाणारच, त्याला इलाज नाही, आणि बदलायची वेळ आली तर ब्रेकची तारही चालते. तिन्ही गोष्टी चूक आहेत. पहिली तर धोक्याची आहे.

एच आणि एल म्हणजे दोन टोकांची कुंपणं. एचमुळे चेन सगळ्यात लहान चकतीच्या बाहेर जात नाही, एलमुळे सगळ्यात मोठ्या चकतीवरून स्पोकमध्ये पडत नाही. मधल्या चकत्यांशी त्यांचा संबंधच नाही. चौथा गिअर खडखडत असताना एल कितीही फिरवा, आवाज तसाच राहतो. आणि मेसेज म्हणतो ‘आवाज थांबेपर्यंत’, म्हणून माणूस फिरवतच राहतो. माझ्या भाच्याने हेच केलं. सिंहगडच्या चढाला त्याने सगळ्यात हलका गिअर टाकला, चेन चकतीवरून आत उतरली, डिरेलर स्पोकमध्ये ओढला गेला आणि तो फ्रेमला ज्यावर बसतो तो हँगर मुडपला. वेग नव्हता, म्हणून गुडघा खरचटण्यावर निभावलं. तोच गिअर सपाटीवर वेगात पडला असता तर काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही.

मधले गिअर केबल ठरवते. 1984 साली शिमानो या सायकलचे भाग बनवणाऱ्या जपानी कंपनीने आपल्या ड्युरा-एस मालिकेत क्लिकचे शिफ्टर, म्हणजे गिअर बदलायचे खटके, आणले. तोवर खटका किती ओढायचा हे बोटांना कळावं लागायचं. आता ते शिफ्टरच्या आतल्या खाचा ठरवतात. शिमानोच्या नेहमीच्या 8 स्पीडमध्ये (मागे आठ चकत्या) एका क्लिकला तार सुमारे 2.8 मिलिमीटर ओढली जाते आणि डिरेलर 4.8 मिलिमीटर, म्हणजे बरोबर एक चकती, सरकतो. तार थोडी जरी सैल असली तरी हा हिशेब चुकतो.

म्हणून सायकल स्टँडवर घ्या, चेन सगळ्यात लहान चकतीवर आणा, पेडल फिरवत एक क्लिक टाका. चेन वर चढायला कुरकुरली तर तार सैल आहे: केबल डिरेलरमध्ये शिरते तिथलं बॅरल, म्हणजे हाताने फिरवायची छोटी नळी, सायकलच्या मागे उभं राहून, घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा. एका क्लिकला दोन चकत्या चढली तर सुलट फिरवा. एका वेळी पावच फेरा, मग पुन्हा क्लिक.

आता ‘केबल ताणते’ याबद्दल. पोलादी तार इतक्याशा ओढीने लांब होत नाही. आउटरची, म्हणजे तारेवरच्या जाड नळीची, टोकं टोप्यांमध्ये नीट बसतात, तेवढी ढील पडते. नवी केबल घातल्यावर शिफ्टर दाबून उघडी तार हाताने दोनचार वेळा जोरात ओढली की बरीचशी ढील तिथेच निघते. महिनाभराने पुन्हा खडखड सुरू झाली तर आउटर तपासा. भाच्याच्या सायकलीचं मूळ दुखणं तेच होतं. आउटर साध्या पकडीने कापलेलं, तोंड चपटं, आतल्या प्लॅस्टिकच्या नळीचं भोक सुईच्या नेढ्याएवढं. तार त्यात अडकत होती. चांगल्या कटरने कापून टोक घासलं, टोच्याने भोक मोकळं केलं, आणि गिअर पडायला लागले.

ब्रेकची तार 1.5 ते 1.6 मिलिमीटर जाड, गिअरची 1.2, आणि डोकंही वेगळं. तार शिफ्टरमध्ये बसतच नाही, तेव्हा तिथे फारसं नुकसान नाही. खरी भीती आउटरची आहे. ब्रेकच्या आउटरमध्ये पोलादी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, गिअरच्या आउटरमध्ये तारा उभ्या असतात. ब्रेकचं आउटर गिअरला लावलं तर ते दबतं आणि क्लिक चुकतात, एवढंच. पण गिअरचं आउटर ब्रेकला लावलं तर जोरात ब्रेक दाबल्यावर ते फुटू शकतं, आणि जोरात ब्रेक आपण उतारावरच दाबतो. तो मेसेज तुम्ही कुणाला पाठवला असेल, तर निदान एवढं तरी त्यांना आजच कळवा.