आमच्या वेळी चिखलसुद्धा खरा होता

पंचेचाळिशी ओलांडली, गुडघे बोलायला लागले आणि कुणी नवं गाणं लावलं की तुमचा हात आपोआप आवाज कमी करायला पुढे होतो? अभिनंदन. नव्वदच्या दशकातल्या रॉकचे विश्वस्त म्हणून तुमची नेमणूक झालेली आहे. पद मानाचं, पगार नाही आणि काम एकच: उशिरा जन्मलेल्या माणसाला त्याच्या उशिराची जाणीव करून देत राहणं. वाटतं तितकं सोपं नाही हे. इतिहास आपल्या बाजूने नाही, म्हणून तर जाणकाराचा सल्ला लागतो.

सगळ्यात आधी संगीत कधी मेलं ते ठरवून टाका. नुसतं 'हल्ली गाण्यांत राम राहिला नाही' म्हटलं की लोक म्हातारा समजतात. नेमकी तारीख सांगितली की अभ्यासक समजतात. ५ एप्रिल १९९४ ही उत्तम. त्या दिवशी निर्वाणा बँडचा गायक कर्ट कोबेन गेला, वय सत्तावीस. हे सांगून झालं की क्षणभर खिडकीबाहेर बघायचं. काही जण संगीताला जुलै १९९९ पर्यंत जगवतात, पण त्यांच्या गोष्टीला जळकट वास येतो. तिच्याकडे येऊच.

मग, तुम्ही तिथे होतात. 'तिथे' म्हणजे कुठे, याला फार महत्त्व नाही, पण सोयीचं ठिकाण म्हणजे इंग्लंडमधलं नेबवर्थ, ऑगस्ट १९९६, ओएसिस बँडचा कार्यक्रम. लागोपाठ दोन रात्री, दर रात्री सव्वा लाख माणसं. तिकिटांसाठी अर्ज केले होते पंचवीस लाखांहून जास्त लोकांनी. म्हणजे दहातला एक आत, नऊ बाहेर. गंमत बघा, ते नऊ जण नंतर कुठे गेले कुणालाच ठाऊक नाही. 'अर्ज केला होता हो, पण तिकीट नाही मिळालं,' असं सांगणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. भेटतात ते सगळे आत होते, त्यांतले काही तर तेव्हा दुसऱ्या खंडात दहावीचा अभ्यास करत होते. तुम्हीही आत व्हा. सव्वा लाखांत कोण मोजतंय?

आता मुख्य सिद्धांत. 'त्या काळी कुणी पैशासाठी वाजवत नव्हतं.' हे वाक्य ठासून म्हणा आणि लगेच निर्वाणाच्या 'नेव्हरमाइंड'कडे वळा. सप्टेंबर १९९१ मध्ये अल्बम आला तेव्हा कंपनीलाच भरवसा नव्हता, आणि जानेवारी १९९२ मध्ये त्याने मायकेल जॅक्सनला बिलबोर्डच्या पहिल्या क्रमांकावरून उठवलं. इथेच थांबा. ती कंपनी म्हणजे गेफेन होती, कुणाचं गॅरेज नव्हतं, हे बोलायचं नाही. मुखपृष्ठावरचं बाळ डॉलरच्या नोटेमागे पोहतंय. त्याला 'भांडवलशाहीवरचं भाष्य' म्हणा, आणि शक्यतो तेच चित्र छापलेला टी-शर्ट घालून म्हणा. कोबेनने १९९२ मध्ये 'रोलिंग स्टोन'च्या मुखपृष्ठासाठी फोटो दिला तो 'कॉर्पोरेट मासिकं अजूनही टाकाऊच' अशा अर्थाचा शर्ट घालून. मासिकाने तो आनंदाने छापला. दोन्ही पक्षांची तत्त्वं शाबूत राहिली, अंकही खपला.

कपड्यांवरून आठवलं. निर्वाणासारख्यांचं रॉक, म्हणजे ग्रंज, अमेरिकेतल्या ज्या सिएटलमध्ये फोफावलं, तिथे गारठा आणि पाऊस. जुन्या बाजारातला फ्लॅनेलचा शर्ट ऊबदार असतो आणि स्वस्त पडतो, म्हणून पोरं तो घालायची. इतकं साधं कारण कुणाला सांगू नका. नोव्हेंबर १९९२ मध्ये फॅशन डिझायनर मार्क जेकब्सने पेरी एलिस या ब्रँडसाठी हाच अवतार न्यूयॉर्कच्या रॅम्पवर चढवला, फ्लॅनेलची चौकट चक्क रेशमावर छापून. त्याची नोकरी गेली. २०१८ मध्ये त्याने तेच कपडे पुन्हा काढले, तेव्हा निर्वाणाच्या स्वतःच्या कंपनीने खटला भरला: आमचा तो जीभ काढलेला हसरा चेहरा तुम्ही वापरलात! चेहऱ्याचे हक्क राखीव आहेत, बंडाचे सगळ्यांना खुले.

याच नोव्हेंबर १९९२ मधली आणखी एक गोष्ट मला फार प्रिय आहे. न्यूयॉर्क टाइम्सला ग्रंज पिढीची खास बोली छापायची होती. शोध घेता घेता फोन गेला मेगन जॅस्परला, ती आधी सिएटलच्या सब पॉप या रेकॉर्ड कंपनीत रिसेप्शनिस्ट होती. खास बोली वगैरे काही नव्हतीच. तिने मग बसल्या जागी तोंडाला येईल ते सांगितलं. जुनी फाटकी जीन्स म्हणजे 'वॅक स्लॅक्स'. कुचकामी माणूस म्हणजे 'कॉब नॉबलर'. टंगळमंगळ करत बसणं म्हणजे 'स्विंगिंग ऑन द फ्लिपिटी-फ्लॉप'. समोरचा माणूस लिहून घेत गेला आणि एवढ्या मोठ्या वर्तमानपत्राने शब्दकोश म्हणून ते छापलं. थाप उघडी पडायला काही महिने गेले. (मेगन जॅस्पर पुढे त्याच सब पॉपची सीईओ झाली, आणि त्या फोनवरचा हजरजबाबीपणा बघता ते योग्यच झालं.) तुम्ही हे शब्द बिनधास्त वापरा. पिढीची बोली म्हणून छापली गेलेली आणि पिढीतल्या एकानेही न बोललेली अशी दुसरी भाषा तुम्हाला मिळायची नाही.

घरातले जुने कपडे मात्र धुवायला टाकू नका. कोबेनने एमटीव्हीच्या 'अनप्लग्ड' कार्यक्रमात घातलेलं हिरवट स्वेटर ऑक्टोबर २०१९ मध्ये लिलावात ३ लाख ३४ हजार डॉलरना गेलं. न धुतलेलं, सिगारेटने भोक पडलेलं, एक बटण गायब. पैशासाठी वाजवत नसलेल्या माणसाचं हे स्वेटर, हे किंमत सांगण्याआधी आठवणीने सांगा.

तिकिटांचा विषय निघाला की पर्ल जॅम, सिएटलचाच आणखी एक बँड. ३० जून १९९४ ला त्यांचे दोघे, स्टोन गॉसार्ड आणि जेफ अमेंट, अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीपुढे जाऊन बसले. तिकीट २० डॉलरच्या आत हवं, वरचा आकार १ डॉलर ८० सेंटच्या आत हवा, आणि तिकिटं विकणाऱ्या टिकेटमास्टर कंपनीने मोठी मैदानं आणि स्टेडियमं करारांनी बांधून ठेवल्यामुळे ते जमत नाही, ही तक्रार. ही गोष्ट रंगवून सांगा, आवाज चढवा आणि जून १९९४ ओलांडू नका. कारण १९९५ मध्ये न्याय खात्याने चौकशी गुंडाळली, १९९८ च्या दौऱ्यात पर्ल जॅम मुकाट्याने परत टिकेटमास्टरच्या दारात होते आणि २०१० मध्ये टिकेटमास्टर कार्यक्रम भरवणाऱ्या लाइव्ह नेशनमध्ये विलीन होऊन आणखी गुटगुटीत झालं. न्याय खात्याने अखेर खटला भरला तो मे २०२४ मध्ये, म्हणजे तक्रारीला तीस वर्षं होत आल्यावर.

फुगाझी या बँडचं नाव तर काढूच नका. या लोकांनी वर्षानुवर्षं पाच डॉलरच्या आसपास तिकीट ठेवलं, लहान-मोठ्या सगळ्यांना आत घेतलं आणि टी-शर्ट विकले नाहीत. गर्दीत कुणी दुसऱ्याच्या अंगावर धिंगाणा घालू लागला की वाजवणं थांबवून त्याला बोलवायचे, पाच डॉलर पाकिटात घालून हातात द्यायचे आणि दाराकडे पाठवायचे. म्हणजे हे करता येत होतं. हे एकदा मान्य केलं की 'तेव्हाची गर्दीच तशी होती, काय करणार' हे आपलं ठेवणीतलं वाक्य बाद होतं. तेव्हा फुगाझी नकोच.

आता चिखल. ऑगस्ट १९९४, न्यूयॉर्क राज्यातलं सॉगर्टीज, १९६९ च्या मूळ वुडस्टॉक संगीत महोत्सवाची पंचविशी. प्रायोजक पेप्सी. पाऊस धो-धो आला, मैदानाचं शेत झालं आणि ग्रीन डे वाजवत असताना प्रेक्षकांनी मंचावर ढेकळं फेकायला सुरुवात केली. बँडनेही परत फेकली. शेवटी सगळेच इतके माखले, की एका सुरक्षारक्षकाने त्यांच्याच बेसिस्टला, माइक डर्न्टला, घुसखोर प्रेक्षक समजून आडवा केला. डर्न्टचे दात गेले. हा चिखल खरा, निखळ, आकाशातून आलेला. याच्यावर तुम्ही पंधरा मिनिटं सहज बोलू शकता.

जुलै १९९९ च्या वुडस्टॉकमधल्या चिखलाबद्दल बोलू नका. तिथे पाऊस नव्हता. रोम, न्यूयॉर्क राज्य, हवाई दलाचा बंद पडलेला तळ, डांबराची धावपट्टी, अडतीस अंशांच्या घरात ऊन. तिकीट १५० डॉलर, पाण्याची बाटली ४ डॉलर. फुकटच्या नळांवर रांगा लागल्या, लोकांनी पाइप फोडले, फिरती शौचालयं तुंबून वाहू लागली. आणि पोरं त्या ओलाव्यात आनंदाने लोळली. १९९४ ची परंपरा चालवतोय असं त्यांना वाटत होतं.

शेवटच्या रात्री रेड हॉट चिली पेपर्स वाजवत असताना बंदुकांच्या हिंसेविरुद्ध म्हणून गर्दीत मेणबत्त्या वाटल्या गेल्या. तीन दिवस उन्हात भाजलेल्या, तहानलेल्या, लुबाडलेल्या माणसांच्या हातात आग. वाटणाऱ्याचा हेतू शुद्ध होता. कुंपणाच्या फळ्या सरपण झाल्या, ट्रेलर पेटले, एटीएम फुटली.

आणि त्या गर्दीतल्या मुलींचं काय झालं? इथे विषय बदला. बलात्काराच्या तक्रारी पोलिसांपर्यंत गेल्या, डोक्यांवरून पुढे सरकवल्या जाणाऱ्या मुलींचे कपडे ओढले जात होते आणि कॅमेरे ते टिपत होते; पण तुम्ही 'काही अनुचित प्रकार घडले' एवढंच म्हणा. बिकिनी किल या बँडची गायिका कॅथलीन हॅना दशकाच्या सुरुवातीलाच मंचावरून 'मुलींनो, पुढे या' म्हणत होती. ती असं का म्हणत होती, हा प्रश्न तेव्हा आपल्याला पडला नव्हता. आपण पुढेच उभे होतो, अडचण कसली?

एवढी तयारी झाली की मैदानात उतरा. निर्वाणाचा टी-शर्ट घातलेली पंधरा वर्षांची मुलगी दिसली की 'तीन गाणी सांग' असं दरडावा. ती बहुतेक तुमचीच मुलगी असेल. ती तीनऐवजी अकरा सांगेल, त्यातली दोन तुम्हाला ठाऊक नसतील, मान डोलवा. ३१ ऑगस्ट २०२४ ला ओएसिसच्या पुनर्मिलनाची तिकिटं निघाली तेव्हा तुमच्यासाठी ऑनलाइन रांगेत बसली होती ती हीच. दीडशे पाउंडांच्या आसपासचं उभ्याचं तिकीट रांग संपेपर्यंत साडेतीनशेच्या वर गेलं, तेव्हा 'बाबा, घेऊ का?' असंही तिनेच विचारलं होतं, आणि पैशासाठी न वाजवणाऱ्यांच्या काळातले तुम्ही, मुकाट्याने कार्ड काढून दिलं होतंत.

त्या दिवसापासून तिला नेबवर्थचं कुतूहल आहे. ती मोबाइल घेऊन शेजारी येऊन बसेल. त्यात त्या रात्रींचं चित्रण आहे, स्वच्छ, रंगीत, पहिल्या रांगेपासून चेहरे ओळखू येतील असं.

"बाबा, तू कुठे उभा होतास?"

"मागे," म्हणा. "खूप मागे."