बाई एकच आकडा सांगतीया

गेल्या रविवारी एका माणसानं नुसत्या कानानं माझ्या विमानाची बॅटरी मोजली, आणि ती बरोबर मोजली. त्याच कामासाठी माझ्याकडे सेलचा व्होल्टेज सेन्सर, उंचीचा सेन्सर, रंगीत पडदा आणि बोलणारा रेडिओ, म्हणजे हातातला रिमोट, असा सगळा सरंजाम होता. त्यातल्या एकानंही वेळेवर तोंड उघडलं नाही. खरं तर उघडलं होतं, पण ते पुढे येईल.

विमान म्हणजे दोन मीटर पंखांचं फोमचं ग्लायडर. नाकावर घडीचा प्रॉपेलर. अर्धा मिनिट मोटर लावून १०० मीटर वर न्यायचं, मोटर बंद करायची, पाती दुमडतात, मग गरम हवेचे फुगारे शोधत दोन-तीन मिनिटं तरंगायचं, आणि खाली आलं की पुन्हा वर. जागा नीरेकाठचा माळ, एका अंगाला ऊस. बास.

आबा दुसऱ्या चढाईला आले. पांढरा पायजमा, टोपी, हातात विळा, आणि येऊन उभे राहिले ते बघ्यांच्या त्या ठरलेल्या जागी, म्हणजे उडवणाऱ्याच्या उजव्या कोपराला लागून. ही जागा बघ्यांना कोण नेमून देतं कोण जाणे. अख्खा माळ मोकळा असतो.

"फाइव्ह पॉइंट वन व्होल्ट्स," रेडिओ म्हणाला.

"सायेब, फोन चालूच ऱ्हायलाय तुमचा."

"फोन नाही आबा, विमान बोलतंय."

आबांनी वर पाहिलं, मग माझ्या हातातल्या पेटीकडे, मग परत वर.

"मग बाई कोण?"

"बाई कोणी नाही. आवाज भरलेला आहे."

"बाई कोनी न्हाई," आबा म्हणाले. हे वाक्य माझ्या बायकोनं ज्या सुरात म्हटलं असतं, नेमक्या त्याच सुरात. "मराठी येतं का तिला?"

"नाही."

"मग सांगती कुणाला?"

याचं उत्तर मी मान वर ठेवून देत होतो, आणि टेलिमेट्री बोलकी का हवी याचं कारणही तेच. विमानातला रिसीव्हर आपले हुकूम ऐकतो तसा उलट निरोपही पाठवतो: सिग्नल किती, बॅटरी किती, उंची किती. हे सगळं पडद्यावर सुरेख दिसतं, पण ते पाहायला मान खाली घालावी लागते. ग्लायडर सेकंदाला नऊ-दहा मीटर सरकतं. दोन सेकंद पडदा वाचलात की ते २० मीटर पुढे गेलेलं असतं, आणि वर पाहिल्यावर ती काडी आपल्याकडे येतेय की आपल्यापासून जातेय हे कळत नाही. म्हणून पडदा उडवण्याआधी आणि उतरल्यावर बघायचा, आणि मधल्या वेळात कानांनी काम करायचं. तेही बेतानं. मी नवा असताना उंची, वेग, सिग्नल, व्होल्टेज असं सगळं दर दहा सेकंदांनी बोलायला लावलं होतं. बाजार समितीत लिलाव चालल्यासारखं वाटायचं. आता दर ३० सेकंदांनी एकच आकडा, आणि बाकीचे आकडे काही बिघडलं तरच.

तेवढ्यात उंचीचा सेन्सर चिवचिवायला लागला.

"ह्ये टिटवीवानी काय वराडतंय?"

ती व्हॅरिओची, म्हणजे चढ-उतार सांगणाऱ्या यंत्राची, शीळ. सेन्सर हवेचा दाब मोजतो. दाब एक हेक्टोपास्कल उतरला की समजायचं आपण सुमारे साडेआठ मीटर वर गेलो. वर जाताना सूर चढतो आणि टिपटिप जलद होते, खाली जाताना सूर उतरतो. असं दोन मीटरचं ग्लायडर स्थिर हवेतही सेकंदाला अर्धा-पाऊण मीटर खाली येतच असतं, म्हणून तेवढ्या नेहमीच्या घसरणीला मी शीळ बंद ठेवतो. एक लबाडी मात्र लक्षात ठेवावी लागते: वेगात असताना एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप, ओढला की विमान क्षणभर वर चढतं आणि शीळ आनंदानं ओरडते. तो फुगारा नसतो, स्वतःचाच वेग उंचीत बदललेला असतो. पोस्टातली ठेव मोडायची आणि पगार झाला म्हणायचं, तसं. शिवाय सेन्सरच्या भोकावर थेट ऊन पडलं तर काही सेन्सर बहकतात. वर फोमचा काळा तुकडा ठेवला की गप्प बसतात.

हे सगळं मी आबांना सांगितलं नाही. मी फक्त "टिटवीच आहे" म्हणालो. चूक झाली. त्यामुळे त्यांना वाटलं, हा माणूस गप्पांना तयार आहे.

मग विहिरीची मोटर आली. साडेसात एचपीची, दोनदा जळलेली. रात्रपाळीची वीज आली. स्टार्टरच्या पेटीवरचा काटा आला. उडवणाऱ्या माणसाशी बोलू नये हे जगात कुठेही लिहून ठेवलेलं नाही, ते लिहायला हवं. एसटीत चालकाशी बोलू नका अशी पाटी असते. तिथे चालकाच्या निदान बुडाखाली गाडी असते. माझं विमान ३०० मीटर दूर, आणि कोपराला साडेसातची मोटर. चढाया मोजणं माझं काम होतं. १३०० एमएएचची बॅटरी, चढताना २० अँपियर, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या एका चढाईला सुमारे १७० एमएएच. ८० टक्क्यांवर थांबायचं तर सहा चढाया. मी चौथ्यानंतर मोजायचं विसरलो, आणि ते कुणामुळे हे मी इथे नमूद करून ठेवतो.

"फाइव्ह पॉइंट वन व्होल्ट्स."

"सायेब, बाई मघापासनं एकच आकडा सांगतीया."

"बॅटरी चांगली आहे म्हणून."

"आमच्या पेटीवरचा काटा असा जागचा हलंना झाला की आमी त्याला टिचकी मारतो."

मी हसलो. आता आठवलं की कान तापतात.

पुढच्या चढाईला आबा हनुवटी वर करून ऐकत राहिले. "आवाज बसला बगा."

"कशाचा?"

"तुमच्या मोटारीचा. मघा टिपेला व्हती. आता दमली. आन चढायला बी टाइम लागतोय."

तीन सेलची लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी, भरलेली असताना १२.६ व्होल्ट असते, आणि दमल्यावर भाराखाली साडेदहाला येते. फेरे त्या मानानं उतरतात, आणि मोटर-प्रॉपेलरचा सूर हार्मोनियमच्या दोन-अडीच पट्ट्या खाली येतो. हे मला माहीत आहे. हे मी नवशिक्यांना सांगतो. आणि हे मला आबांनी सांगितलं, तेव्हा मी म्हणालो, "वारा आहे आबा."

पुढच्या चढाईत विमान ३० मीटरवर, साडेतीनशे मीटर दूर, उसावर, समोरून वारा, आणि मोटर गप्प. मोटरला वीज पुरवणाऱ्या स्पीड कंट्रोलरनं आपलं कर्तव्य केलं: सेल फार खाली गेले की तो मोटर तोडतो आणि उरलीसुरली वीज रिसीव्हरला आणि सर्व्होंना, म्हणजे झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरींना, राखून ठेवतो. मी माळापर्यंत आणायचा प्रयत्न केला. हिरव्या शेंड्यांनी ते मऊसूत झेललं. बाई म्हणाली, "फाइव्ह पॉइंट वन व्होल्ट्स."

आबा काहीच म्हणाले नाहीत. "मी म्हनलं व्हतं" असं म्हणाले असते तर निदान भांडता आलं असतं.

आता झालं काय होतं ते. आठवड्यापूर्वी मी रिसीव्हर बदलला. नव्या रिसीव्हरबरोबर सेन्सर नव्यानं शोधावे लागतात, म्हणून जुनी यादी पूर्ण पुसली आणि रेडिओला पुन्हा शोधायला लावलं. सगळे सापडले, पण वेगळ्या क्रमानं. आणि माझ्या रेडिओतली "हा आकडा बोल" ही आज्ञा सेन्सरचं नाव धरून बसत नाही, यादीतला क्रमांक धरून बसते. तिसऱ्या क्रमांकावर पूर्वी सर्वांत कमी सेलचं व्होल्टेज होतं, तिथे आता आरएक्सबीटी येऊन बसलं, म्हणजे रिसीव्हरला मिळणारा पुरवठा. तो स्पीड कंट्रोलरमधल्या बीईसीतून, म्हणजे ठरावीक व्होल्टेज देणाऱ्या भागातून, येतो आणि बॅटरी भरलेली असो की मरायला टेकलेली, ५.१च राहतो. त्याचं कामच ते आहे. बाई खोटं बोलत नव्हती, मी तिला भलताच प्रश्न नेमून दिला होता. आणि एका साध्या लिपो सेलचं व्होल्टेज ४.२च्या वर असूच शकत नाही, हे मला झोपेतही सांगता येतं. जागेपणी नाही, असं दिसतं.

धोक्याची घंटा वेगळी होती, सेल ३.५च्या खाली गेला की वाजणारी. ती मी एका स्विचला बांधून बंद ठेवली होती, कारण मोटर पूर्ण लावली की व्होल्टेज क्षणभर खचतं आणि ती विनाकारण रडते. यावर खरा उपाय एका ओळीचा आहे: अटीला तीन-चार सेकंदांचा विलंब द्या, सलग तेवढा वेळ खाली राहिलं तरच वाजू दे. मी ती ओळ भरायचा कंटाळा केला.

विमान शोधणं राहिलं. जीपीएस नाही, तो असता तर शेवटचे अक्षांश-रेखांश पडद्यावर गोठलेले मिळाले असते. पण सिग्नलचा आकडा होता. रेडिओ छातीशी धरायचा आणि जागेवर सावकाश गिरकी घ्यायची. माणसाच्या अंगातलं पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी अडवतं, त्यामुळे आकडा सर्वांत खाली पडतो तेव्हा विमान बरोबर पाठीमागे असतं. वळायचं, त्या दिशेनं वीस पावलं जायचं, पुन्हा गिरकी. माझ्या रेडिओत ४५ला "सिग्नल लो" आणि ४२ला "क्रिटिकल" ओरडतं. टेलिमेट्री पूर्ण तुटली तरी घाबरायचं नसतं, बहुतेक वेळा परतीचा निरोप आधी तुटतो आणि जाणारे हुकूम पोचत राहतात. पण उसात ओली पानं सगळंच खातात. अगदी जवळ गेलं की आकडा नव्वदीत जाऊन तिथेच बसतो, मग रेडिओची अँटेना मिटून पुन्हा फिरायचं. शेवटच्या काही पावलांत एलिरॉन, म्हणजे पंखावरची झडप, हलवायचं आणि सर्व्होची कुरकुर ऐकायची. तेही जपून, कारण प्रत्येक हालचालीला उरलेल्या बॅटरीचा घोट जातो, आणि ती संपली की सिग्नलही संपला.

सव्वीस मिनिटांत सापडलं. पानांनी हात कापलेले, पंखाला एक चीर, बाकी धडधाकट. शास्त्रशुद्ध रेडिओ दिशाशोधन, डोक्यावर गेलेल्या उसात, एकट्यानं. हे पाहायला तिथे आबा हवे होते. बाहेर येऊन बघतो तर ते बांधावर चहा पीत बसलेले.

"गिरक्या का घेत व्हता वो? आमाला वाटलं चक्कर आली."

घरी येऊन रेडिओच्या मेमरी कार्डावरची नोंद उघडली. एका स्तंभात आरएक्सबीटी: ५.१, ५.१, ५.१. शेजारच्याच स्तंभात सर्वांत कमी सेल: ३.९, ३.८, ३.६, ३.४, ३.१. म्हणजे निरोप दर सेकंदाला खाली येत होता, नीट नोंदला जात होता, फक्त कुणी मला सांगत नव्हतं. सरकारी कचेरीत फाइल असते तशी. बॅटरी काढली तेव्हा ती टम्म फुगलेली, एक सेल २.८वर. ती गेली. तिचे पैसे कुणाकडे मागायचे?

आता सेन्सर पुन्हा शोधले की प्रत्येक आज्ञा उघडून कोणता सेन्सर निवडलाय ते वाचतो. अर्धी वापरलेली बॅटरी लावतो, बॅलन्स प्लगवर, म्हणजे प्रत्येक सेल वेगळा मोजता येतो त्या प्लगवर, मीटर धरतो आणि बाई तोच आकडा म्हणते का ते ऐकतो. पूर्ण बॅटरीचा नाही, सर्वांत कमी सेलचा: १०.८ म्हणजे ३.६ चे तीन सेलही असतात, आणि ३.७, ३.७, ३.४ सुद्धा. घंटेची मर्यादा तात्पुरती ४.०ला नेऊन ती खरंच वाजते की नाही ते पाहतो, मग परत ३.५. स्विच काढून टाकला.

आणि घंटेचा आवाज बदलला. कार्डावरच्या आवाजांच्या फोल्डरमध्ये स्वतःची फाइल टाकता येते: वेव्ह, मोनो, १६ बिट, ३२ किलोहर्ट्झ, नाव सहा अक्षरांत. त्या रविवारीच बांधावर मी आबांपुढे फोन धरला होता. "आबा, एवढंच म्हणा, 'आवाज बसला'."

"आता कसं हाय सायेब," आबांनी सुरुवात केली, "मोटार कुटलीबी आसू द्या, इमानाची न्हाईतर हिरीची..."

अकरा सेकंद. तेवढ्यात एखादा सेल मरतो. कापून कापून दोन सेकंदांवर आणली.

काल रात्री टेबलावर चाचणी घेत होतो. मर्यादा ४.०, चार सेकंद, आणि रेडिओतून खणखणीत, "आवाज बसला बगा!"

आतून बायको म्हणाली, "आता हे कोण?"

"कोणी नाही. आवाज भरलेला आहे."