कनाक प्रमुखाची हिरवी कुऱ्हाड आणि तिच्याखालचा मजकूर

लाकडी दांड्याच्या टोकाला हिरव्या दगडाची वाटोळी चकती बांधलेल्या एका कुऱ्हाडीचे छायाचित्र सध्या बरेच फिरत आहे. त्याखाली लिहिलेले असते : ‘न्यू कॅलेडोनियातील नरभक्षक टोळीप्रमुखाचे शस्त्र. चिनी जेडच्या या पात्याने तो रणांगणात शत्रूंची मुंडकी उडवीत असे. ही जमात आता नामशेष झाली आहे.’ वस्तू खरी आहे; ती न्यू कॅलेडोनिया या प्रशांत महासागरातील फ्रेंच बेटसमूहाच्या मूळ रहिवाशांची, म्हणजे कनाक लोकांची आहे. पॅरिसच्या के ब्रान्ली संग्रहालयात आणि युरोपातील इतर संग्रहांतही अशा कुऱ्हाडी आहेत. मजकुराचे मात्र तसे म्हणता येत नाही.

मुंडकी उडवण्याचा दावा कुऱ्हाडीच्या बांधणीपुढेच टिकत नाही. ओली वाळू आणि पाणी वापरून दगड घासत घासत चकती इतकी पातळ केलेली असते की काही चकत्यांतून उजेड आरपार दिसतो. कडेजवळच्या दोन भोकांतून दोर ओवून ती दांड्याला जखडतात, आणि त्या दोरांत वटवाघळाच्या लोकरीची वेणी असते. दांड्याच्या तळाशी नारळाची अर्धी करवंटी बसवलेली असते. गोव्यातील चर्चमध्ये पवित्र भाकरी दर्शनाला ठेवतात त्या सूर्याकार पात्राशी फ्रेंचांनी या कुऱ्हाडीचे साम्य जोडले ते उगीच नव्हे. अशा चकतीचा एक घाव हाडावर बसला, तर चकतीच फुटण्याची भीती. कनाक योद्धे लढत ते कठीण लाकडाच्या गदांनी, भाल्यांनी आणि गोफणीने. गोफणीचे दोन्ही टोकांना निमुळते घासलेले दगडही संग्रहालयांत आहेत, पण त्यांची छायाचित्रे कोणी फिरवत नाही. ही कुऱ्हाड प्रमुख सभेत बोलताना हाती धरी, आणि कुळांमधील देवाणघेवाणीत ती मौल्यवान वस्तू म्हणून दिली जाई.

‘नरभक्षक’ या शब्दाला मात्र आधार आहे, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १७९३ मध्ये दाँत्रकास्तो या फ्रेंच दर्यावर्दीच्या मोहिमेबरोबर मुख्य बेटावरील बालाद येथे उतरलेल्या लाबिलार्दिएर या निसर्गशास्त्रज्ञाने अशा चकतीने मृत शत्रूचे शरीर कापले जात असल्याचे लिहून ठेवले. नरमांसभक्षणाच्या इतर नोंदीही आहेत. पण लाबिलार्दिएरला ही माहिती हातवाऱ्यांनी मिळाली होती, कारण त्याला तिथली भाषा येत नव्हती. शिवाय त्याने सांगितलेला उपयोग लढाईनंतरचा आहे, लढाईतला नव्हे. म्हणजे मजकूर लिहिणाऱ्याने आपला पुरावाही नीट वाचलेला दिसत नाही.

जेड चीनमधून आल्याचे म्हणणे निराधार आहे. हा हिरवा दगड मुख्य बेटाच्या दक्षिणेकडील उएन बेटावर मिळतो. याच बेटसमूहातील पूर्वेकडची लॉयल्टी बेटे प्रवाळाची असल्याने तिथे तो जवळपास नाहीच; त्यामुळे तो समुद्रमार्गे तिकडे जाई आणि तिथे त्याचे मोल आणखी वाढे.

राहिला ‘नामशेष’ हा शब्द. १८५३ मध्ये फ्रान्सने ही बेटे ताब्यात घेतली, जमिनी गेल्या, १८७८ मध्ये अताई या कनाक प्रमुखाच्या नेतृत्वाखालील उठाव चिरडला गेला. तरीही २०१९ च्या जनगणनेत तिथल्या सुमारे ४१ टक्के लोकांनी स्वतःची नोंद कनाक अशी केली. राजधानी नूमेआ येथे १९९८ पासून कनाक नेते जिबाऊ यांच्या नावाचे सांस्कृतिक केंद्र चालू आहे, आणि २०१३ मध्ये पॅरिसला भरलेले कनाक कलेचे मोठे प्रदर्शन पुढच्या वर्षी या केंद्रात मांडले गेले.