डोमेनचा खोटा फेरफार

“नेट चालू हाय. पोरं यूट्यूब बघायल्यात, शॉपमधलं कॅमेरं चालायल्यात. आणि मेल मातूर शनिवारपासनं गप्प. ह्याला बंद म्हणायचं का चालू?” बापूनं हेल्मेट कट्ट्यावर ठेवलं आणि चहा नको म्हणून हातानंच सांगितलं. बापूनं चहा नाकारला म्हणजे प्रकरण गंभीर.

बापूचं कोल्हापुरात उद्यमनगरात मशिन शॉप आहे. पंप आणि व्हॉल्व्हच्या कास्टिंगचं मशिनिंग. पुण्याच्या पार्ट्या ड्रॉइंग आणि ऑर्डरी मेलवर पाठवतात. पंधरा वर्षांपूर्वी नेटचं कनेक्शन घेतलं तेव्हा नेटवाल्यानं एक मेल आयडी फुकट दिला होता. तोच आजवर लेटरहेडवर, बिलांवर, जीएसटीत आणि बँकेत. त्या नेटवाल्याचं डोमेन, म्हणजे मेल आयडीत @ च्या पुढं येणारं नाव, शनिवारी रात्री कुणीतरी पळवलं. सोमवारी संध्याकाळी मिरजकर तिकटीजवळच्या आमच्या कट्ट्यावर आम्ही जमलो तेव्हाही ते परत आलेलं नव्हतं.

मी छोट्या ऑफिसांची कॉम्प्युटरं सांभाळतो, त्यामुळं सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. बापूचा भाचा मात्र खाली बघत होता. तो त्याच नेटवाल्याकडं फायबर जोडायच्या कामाला आहे आणि दोन दिवस लोकांच्या शिव्या खाऊन त्याचा चेहरा उतरला होता.

“मामा, आमच्या मशिनी धडधाकट हाईत,” तो म्हणाला. “एक वायर तुटलेली न्हाई. सर्व्हरला कुणी हात लावलेला न्हाई.”

“मग मेल का येईना?”

मी सांगितलं, घर जागेवर आहे, पण नोंदवहीत त्या नावापुढं दुसऱ्याचा पत्ता लागलाय. तुझा राऊटर नेटवाल्याशी आकड्यांनी बोलतो, त्याला नावाची गरज नाही, म्हणून यूट्यूब चालतं. मेल पाठवणारा मात्र आधी नाव विचारतो, की ह्या नावाचं टपाल कुठल्या सर्व्हरवर टाकू? ते उत्तर आता चोर देतोय. बिल भरायचं पान, तक्रारीचं पान, सगळं त्याच नावावर, म्हणजे तेही त्याच्याच हातात.

“म्हणजे खोटा फेरफार,” मास्तर म्हणाले. मास्तर रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, करवीर तालुक्यात त्यांची थोडी शेती आहे, आणि भावकीतल्या एका नोंदीसाठी त्यांनी तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्यात. “जमीन हलत नाही. विहीर तिथंच, बांध तिथंच. पण सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव चढलं की तुम्ही उपरे.”

मला ह्यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं.

“पण फेरफाराला नोटीस निघते,” मास्तर पुढं म्हणाले. “हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडल अधिकारी नोंद मंजूर करतो. ह्यात कुणी नोटीस काढत नाही का?”

तेव्हा मी त्यांना पॅनिक्सची गोष्ट सांगितली. ही न्यूयॉर्कमधली जुनी इंटरनेट कंपनी, १९८९ सालची. १५ जानेवारी २००५ ला, शनिवारी, तिचं डोमेन असंच गेलं. मालकी नोंदली गेली ऑस्ट्रेलियात, डीएनएसच्या, म्हणजे नावापुढं पत्ता सांगणाऱ्या नोंदवहीच्या, नोंदी इंग्लंडात आणि मेल वळवला कॅनडात. म्हणजे एका नावाचे तीन देशांत तीन तुकडे. डोमेन ज्या रजिस्ट्रारकडं, म्हणजे नावं नोंदवून देणाऱ्या मेलबर्न आयटी कंपनीकडं गेलं, तिथलं ऑफिस शनिवार-रविवार बंद. त्यांची आठवड्याची सुरुवात होईतोवर न्यूयॉर्कवाल्यांना दार ठोठावत बसावं लागलं. मग मेलबर्न आयटीनं चूक मान्य केली: त्यांच्या एका रिसेलरनं, म्हणजे एजंटानं, ट्रान्सफर मागणारा खरा मालक आहे का, हे नीट तपासलंच नव्हतं.

“आणि नोटिशीचं म्हणाल तर मास्तर, त्याच्या दोनच महिने आधी, नोव्हेंबर २००४ मध्ये, आयकॅनचा, म्हणजे डोमेनचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा, नवा नियम लागू झाला होता. जुन्या रजिस्ट्रारनं पाच दिवसांत हरकत घेतली नाही, तर ट्रान्सफर मंजूर समजायची.”

“गप्प राहिला म्हणजे होकार?” मास्तर ताठ बसले. “असं कुठल्या कायद्यात असतं? गप्प राहणारा आजारी असेल, गावाला गेला असेल, त्याला कागदच मिळाला नसेल.”

नियमाच्या बाजूनंही एक गोष्ट होती, ती मी सांगितली. त्याआधी जुने रजिस्ट्रार गिऱ्हाईक सोडायलाच तयार नसत, मुद्दाम उत्तर देत नसत. त्यांची अडवणूक मोडायला तो नियम आला. मास्तरांना ते पटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही पुरतं पटत नाही. आता ट्रान्सफरला गुप्त कोड लागतो, डोमेनला कुलूप लावता येतं. म्हणून आताचे चोर बहुधा त्या वाटेनं येतच नाहीत. ते रजिस्ट्रारच्या खात्याचा पासवर्डच मिळवतात. ऑगस्ट २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचं डोमेन वळवलं गेलं ते असंच, एका रिसेलरचं लॉगिन चोरून. आणि तो रिसेलर पुन्हा मेलबर्न आयटीचाच होता.

“बरं, ते न्यूयॉर्क ऱ्हाऊ दे,” बापू म्हणाला. “दोन दिवसांत ज्यांनी मला मेल टाकला, त्यांना परत गेला आसंल की, पोचला न्हाई म्हणून. त्ये फोन करतील.”

ह्याच प्रश्नाची मला भीती वाटत होती.

नाही बापू, परत जाणार नाही. सर्व्हर नुसता बंद असता तर ते चाललं असतं. मेलची पद्धतच तशी आहे. पोचला नाही तर पाठवणारा सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, चार-पाच दिवससुद्धा टपाल धरून ठेवतो आणि मगच परत पाठवतो. महापुरात इथली वीज गेली होती तेव्हा तुझे मेल असेच उशिरा, पण आले होते. इथं दार बंद नाही. दारात दुसराच माणूस उभा आहे आणि तो टपाल घेतोय. पाठवणाऱ्याच्या हिशेबानं मेल पोचला. तो फोन कशाला करेल?

कट्ट्यावर कुणी बोललं नाही. मला ह्या सगळ्यात हेच सगळ्यात वाईट वाटतं. बंद पडलेलं दिसतं, त्यावर माणूस उपाय करतो. हे दिसतच नाही. शनिवार रात्रीपासून बापूला आलेलं ड्रॉइंग, दरपत्रक, जे काय असेल ते, कुणाच्या हातात पडलं हे त्याला कधीच कळणार नाही. डोमेन परत आलं तरी ते मेल परत येणार नाहीत.

“आणि फोन?” भाच्यानं विचारलं. “मामाच्या मोबाइलवर मेलचं ॲप हाय.”

पोरगं हुशार आहे. मी बापूचा मोबाइल मागून घेतला. ॲप दर थोड्या वेळानं सर्व्हरकडं जाऊन विचारतं, नवीन काय आहे? विचारताना पासवर्ड देतं. समोर चोराचा सर्व्हर असेल तर पासवर्डही त्यालाच. कुलपाचं चिन्ह, सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हर खरा असल्याचा दाखला, ह्यांनी तरी वाचू असं वाटतं, पण साधं सर्टिफिकेट देणारे एवढंच बघतात की डोमेन तुझ्या ताब्यात आहे का. ज्याच्या ताब्यात आज डोमेन आहे, त्याला ते काही मिनिटांत मिळतं. म्हणून तो आयडी मी तिथंच मोबाइलवरून काढून टाकला. बापूचा पासवर्ड बँकेच्या लॉगिनलाही तोच होता. बँकेत नोंदलेला मेलही तोच, म्हणजे ‘पासवर्ड विसरलो’ दाबलं की लिंक जाणार चोराकडं. पुढची वीस मिनिटं आम्ही बँकेचा पासवर्ड बदलला, बँकेत आणि जीएसटीत नोंदवलेला मेल बदलायला घेतला. मोबाइलवर ओटीपी येत होता म्हणून निभावलं.

तेवढ्यात आक्का आली. पापाच्या तिकटीला तिच्या घरच्यांचं चपलांचं दुकान आहे. कापशी, कुरुंदवाडी आणि बाकी सगळं. बाहेरगावच्या ऑर्डरी तीच बघते. “मी मघाशी डीएनएस बदलून बघितलो,” ती म्हणाली, “गूगलचा टाकलो, चार आठवाला, ८.८.८.८. तरी त्येंचं पान तसंच उघडतंय, बिल भरा म्हंतंय.”

“भरलीस का?”

“भरणार हुतो. पण यूपीआयवर नाव वेगळंच आलं म्हणून थांबलो.”

वाचली. ज्यांनी भरलं असेल त्यांनी लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायला हवा, जितक्या लवकर तितकं पैसे अडवता यायची शक्यता जास्त. डीएनएस बदलायचा सल्ला दोन दिवस सगळीकडं फिरत होता, पण मूळ नोंदवहीतच पत्ता चुकीचा असेल तर कुणालाही विचारा, तेच चुकीचं उत्तर येणार. डोमेन परत आल्यावर मात्र त्याचा उपयोग होईल, कारण डॉट कॉमच्या वरच्या नोंदी दोन दोन दिवस लोकांच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, राहतात. तेव्हा राऊटर बंद-चालू करणं, कॅश साफ करणं, हे कामाला येतं. आज नाही.

आक्कानं मोबाइल पुढं केला. “आणि ह्यो एसेमेस. तात्पुरतं नवं नाव वापरा म्हंतायत. ह्यो खरा कशावरनं?”

“खरा हाय आक्का, आम्हीच पाठवलाय,” भाचा म्हणाला.

“तू म्हंतोस म्हणून. तू हितं नसतास तर?”

ह्यावर वाद झाला तो मात्र खरा. भाच्याचं म्हणणं, पॅनिक्सनंही लोकांना पॅनिक्स डॉट नेट वापरायलाच सांगितलं होतं, मग आम्ही काय चुकलो? आक्काचं म्हणणं, चोरसुद्धा हेच सांगेल. दोघंही बरोबर होते. शेवटी मास्तरांनी खिशातून घडी घातलेलं जुनं छापील बिल काढलं. त्यावरच्या नंबरवर फोन लावला आणि नव्या नावाची खात्री अक्षर-अक्षर करून घेतली. मास्तर कागद टाकत नाहीत म्हणून त्यांची सून बोलते, पण त्या दिवशी तो कागदच कामाला आला.

बापू अजून धुमसत होता. “मी उद्या कनेक्शन तोडतो. मोठ्या कंपनीचं घेतो.”

“मोठ्यांचं जात न्हाई असं वाटतंय व्हय मामा?”

जातं. मे २००८ मध्ये अमेरिकेतल्या कॉमकास्टचं, तिथल्या बड्या इंटरनेट कंपनीचं डोमेन काही तास दुसरीकडं वळवलं होतं, लोकांना वेबमेल उघडता येत नव्हता. पण मी भाच्याची बाजूही पुरती घेऊ शकलो नाही. त्याच्या मालकानं रजिस्ट्रारच्या खात्याला पासवर्डनंतरचा दुसरा पडताळा, ओटीपीसारखा, लावला नव्हता, आणि खात्याला जोडलेला मेल होता त्याच डोमेनचा. घराची दुसरी किल्ली त्याच घरात. डोमेन गेल्याबरोबर रजिस्ट्रारची सगळी पत्रं चोराकडं जाऊ लागली आणि हा इकडं आपणच मालक असल्याचे कागद जमवत बसला. तो बळी आहे हे मला मान्य. पण हजारो लोकांचं टपाल ज्याच्या नावावर चालतं, त्यानं एवढं करायलाच हवं होतं. भाचा काही बोलला नाही. नंतर हळूच म्हणाला, “मी सांगिटलंतं सायबास्नी.”

माझं बापूला सांगणं एवढंच होतं: कनेक्शन कुणाचंही ठेव, पत्ता मात्र स्वतःचा घे. तुझ्या शॉपच्या नावाचं डोमेन, मेल त्यावर. उद्या नेटवाला बदललास तरी लेटरहेड बदलायला नको.

मास्तरांनी इथंही अडवलं. “ते चोरीला जाणार नाही कशावरून? आज एका नेटवाल्याचं कुलूप कच्चं निघालं. उद्या उद्यमनगरातली सगळी शॉप स्वतःची कुलुपं लावणार, त्यातली निम्मी कच्ची. बँकांचं कसं केलं? रिझर्व्ह बँकेनं सगळ्यांना डॉट बँक डॉट इनवर जायला लावलं, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत, आणि नावं देणारी संस्था एकच, रिझर्व्ह बँकेनंच काढलेली आयडीआरबीटी. दार एकच, त्यावर पहारा. छोट्यांसाठी तसं काहीतरी हवं.”

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. कुलूप स्वतःचं असलं की ते लावायची जबाबदारीही स्वतःची, हे खरंच आहे. तरी मी म्हटलं, निदान किल्ली कुणाकडं आहे हे आपल्याला ठाऊक असतं.

“माझं हाय की स्वतःचं,” आक्का म्हणाली. “चपलांचं. तीन वर्षं झाली.”

“कुणाच्या नावावर?”

“त्या वेबसाइटवाल्या पोरानं काढलंय. राजारामपुरीतला.”

“आणि त्या खात्याला मेल कुठला दिलाय?”

आक्का गप्प झाली. तिनं फोन लावला, स्पीकरवर टाकला. पोरगं बघतो म्हणालं, कीबोर्डचा आवाज आला, मग म्हणालं, “आक्का, तुमीच दिल्याला तवा. त्यो नेटवाल्याचाच हाय.”

मी पुढं होऊन विचारलं, लॉगिन आहे का? आहे, लॅपटॉपवर चालूच आहे. मग लॉगआउट करू नकोस, ‘पासवर्ड विसरलो’ दाबू नकोस, दाबलास की पत्र चोराकडं जाईल. आधी आक्काचा मोबाइल नंबर घाल. मेल बदलायचं ती आल्यावर.

“जेवायला उठू नगंस,” आक्का फोनमध्ये म्हणाली. “मी आलोच.”

बापूनं हेल्मेट उचललं, तिच्या हातात दिलं आणि गाडी काढली.