आधी नाला, मग मजला

बंद पडलेल्या कारखान्यांच्या जागेवर नवी वस्ती उभी करायची म्हटलं की चर्चा थेट उंचीवर जाते. किती मजले, किती एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम), किती फ्लॅट. माझं मत स्पष्ट आहे. अशा जागी दाट वस्ती हवीच. घरं, दुकानं, ऑफिसं, लहान उद्योग सगळं एकत्र हवं. पण बांधकामाचा पूर्ण हक्क विकासकाला पहिल्याच दिवशी देऊन टाकू नये. रस्ता, वाहतूक, बाग यांतलं एकेक काम झालं की त्या-त्या प्रमाणात हक्क मोकळा करावा.

अमेरिकेतल्या पोर्टलंडने पर्ल डिस्ट्रिक्टमध्ये जवळपास हेच केलं, फक्त तिथे हक्काऐवजी घरांची किमान संख्या कामांशी बांधली. रेल्वेचं जुनं यार्ड आणि गोदामांचा हा भाग. 1997 साली शहराने तिथल्या मोठ्या जमीनमालक कंपनीशी करार केला. सुरुवातीला एकरी किमान 15 घरांचीच अट. शहराने लव्हजॉय रस्त्याचा जुना उन्नत रॅम्प पाडला की एकरी किमान 87 घरं बांधायची, स्ट्रीटकारचं (ट्रामचं) काम सुरू झालं की 109 आणि पहिली बाग झाली की 131. बागांसाठीची जमीन विकासकाने द्यायची. रॅम्प 1999 मध्ये पडला, स्ट्रीटकार 2001 मध्ये धावू लागली. करारात दोघेही बांधले गेले. शहराने काम लांबवलं तर दाट वस्ती मिळणार नाही आणि विकासकाला टोलेजंग बांधायचं तर जमीन सोडावी लागणार.

उलटं काय होतं ते गिरणगावात दिसलं. 1991 च्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी, तेवढाच परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेला मालकाला मिळायचा होता. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणीत शेड आणि इमारतीच जास्त, त्यामुळे शहराच्या वाट्याला येणारं क्षेत्र खूप आटलं. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही दुरुस्ती ग्राह्य धरली. ऑफिसं मात्र भराभर आली. गिरणी कामगार बहुतांशी आसपासच्या चाळींतून चालत यायचा, ऑफिसातला माणूस लोकलने येतो. स्टेशनं आणि पूल त्या मानाने वाढलेच नाहीत. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. त्या सकाळी पाऊस होता, अफवा होती, हे खरं. पण एवढी गर्दी त्या अरुंद जिन्यावर रोज येईल हे मजले मंजूर करताना मोजायला हवं होतं.

आता जमिनीकडे. कारखान्याची जमीन वरून सपाट आणि मोकळी दिसते, खरा खर्च तिच्या पोटात असतो. आधी जुने नकाशे काढायचे. बॉयलर कुठे होता, तेलाच्या टाक्या कुठे, रंगाई किंवा गॅल्व्हनायझिंगचा (लोखंडाला जस्ताचा मुलामा देण्याचा) विभाग कुठे, सांडपाणी कोणत्या बाजूने जायचं. मग सर्वसाधारण जागी 20-25 मीटरच्या जाळीवर बोअर घेऊन नमुने काढायचे आणि संशयाच्या जागी त्याहून जवळ. शिसं, क्रोमियम, आर्सेनिक बहुतेक वरच्या भरावात सापडतात. तो भराव उचलता येतो, किंवा त्यावर जिओटेक्स्टाइल (मातीत घालायचं मजबूत कापड) आणि ठळक रंगाची जाळी अंथरून किमान 60 सेंटिमीटर ते एक मीटर स्वच्छ माती टाकता येते. जाळी अशासाठी की पुढे केबल टाकायला कुणी खणलं तर कुठे थांबायचं ते त्याला कळावं. ग्रीस काढायला वापरायची ट्रायक्लोरोइथिलीनसारखी द्रावणं मात्र फार चिवट. ती पाण्यापेक्षा जड, म्हणून भूजलातही खाली-खाली उतरतात आणि त्यांची वाफ फटींतून वर घरात येते. तळमजल्याच्या स्लॅबखाली खडीचा थर, त्यात छिद्रांचे पाइप, वर वाफरोधक पडदा आणि पाइपांची तोंडं थेट गच्चीवर, एवढं तिथे करावंच लागतं. इमारत उभी राहिल्यावर हे बसवायचं म्हणजे स्लॅब फोडणं आलं.

दोन चुका चांगल्या हेतूनेच होतात. पर्यावरणपूरक म्हणून आराखड्यात शोषखड्डे दाखवतात, पण दूषित भरावात पाणी जिरवलं की तेच पाणी विष धुऊन भूजलात नेतं. अशा जागी पावसाचं पाणी बंद टाकीत साठवायचं आणि हळूहळू सोडायचं. दुसरी चूक पाइलची, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांची. वरची घाण खालच्या स्वच्छ थरात जाऊ न देणारा चिकणमातीचा थर पाइलने भेदला तर तिला वाट मिळते. पाइलची पद्धत आणि खोली ठरवताना माती-तपासणी करणारा माणूस बैठकीत बसलेलाच हवा. आणि पत्र्यांच्या शेड पाडण्याआधी ॲस्बेस्टॉसचे पत्रे ओले करून, न फोडता, अख्खे उतरवायचे. आधी शेड आडवी करून मग पत्रे वेचणं हा गुन्हा मानला पाहिजे.

दाट म्हणजे उंचच, हा समज हिशेबाने खोडता येतो. भूखंडाच्या 15 टक्के जागेवर 20 मजली टॉवर म्हणजे एफएसआय 3. भूखंडाच्या 50 टक्के जागेवर, रस्त्यालगत कडेने, मध्ये चौक ठेवून 6 मजले बांधले तरी 3 च. दुसऱ्या प्रकारात दारं रस्त्यावर उघडतात, पहिल्यात बऱ्याचदा पोडियमची (टॉवरखालच्या पार्किंगच्या मजल्यांची) भिंत आणि गाड्यांचा रॅम्प समोर येतो. पण त्यासाठी अवाढव्य आवार तोडून गल्ल्या पाडाव्या लागतात. ब्लॉकची, म्हणजे चारही बाजूंनी रस्ते असलेल्या तुकड्याची, बाजू 60 ते 100 मीटर असावी. पर्लमध्ये ती जुन्या शहराप्रमाणे 61 मीटर आहे. आणि या गल्ल्या सार्वजनिक रस्ते म्हणूनच नोंदवा. सोसायटीच्या मालकीची वाट आज ना उद्या गेटआड जाते.

तळमजल्यावर सगळीकडे दुकानं दाखवण्याची हौस आवरली पाहिजे. तेवढी गिऱ्हाइकं नसतात आणि अर्धी शटर वर्षानुवर्षं बंद राहतात. दुकानं एका मुख्य रस्त्यावर आणि कोपऱ्यांवर एकवटा. बाकी गल्ल्यांत दवाखाना, पाळणाघर, वर्कशॉप द्या, किंवा जोतं 60 ते 90 सेंटिमीटर उचलून सरळ घरंच द्या, म्हणजे खिडकीतून कुणी डोकावणार नाही. जिथे दुकान आहे तिथे फरशी पदपथाशी समतल, तळमजल्याची उंची साडेचार मीटरच्या आसपास आणि गाळे 5-6 मीटर रुंदीचे, लागलं तर दोन एकत्र करता येतील असे. एक गोष्ट हमखास विसरतात. स्वयंपाकघराच्या धुराचा डक्ट थेट गच्चीपर्यंत आणि सांडपाण्याच्या वाटेवर ग्रीस ट्रॅपची (तेल-तूप अडवणाऱ्या टाकीची) जागा. हा उभा डक्ट नकाशात नसेल तर त्या गाळ्यात खानावळ कधीच चालणार नाही. पुढच्या भिंतीतून धूर काढला की वरच्या मजल्यावरची तक्रार महिन्याभरात येते आणि धंदा बंद पडतो.

पार्किंगचंही तसंच. प्रत्येक इमारतीखाली तळघर घेतलं की गाड्यांसाठी आठेक मीटरवर खांब लागतात, वर घरांच्या भिंतींना ते जुळत नाहीत, मग मध्ये वरचा भार खालच्या खांबांवर नेणारा जाडजूड ट्रान्सफर स्लॅब आणि त्याचा खर्च घराच्या किमतीत. शिवाय दूषित माती आणखी उपसावी लागते. चार-पाच ब्लॉकमागे एक स्वतंत्र पार्किंग इमारत स्वस्त पडते. तिचे मजले उताराचे न करता सपाट ठेवले तर पुढे वापरही बदलता येतो.

जे कारखाने अजून चालू आहेत त्यांना हुसकावून मिश्र वापर म्हणणं मला पटत नाही. इंग्लंडच्या नियोजन धोरणात 2018 पासून एक चांगलं तत्त्व आहे. आवाजाच्या शेजारी जो नवा येतो, बंदोबस्त त्याने करायचा. म्हणजे दुहेरी खिडक्या, शयनगृहं मागच्या बाजूला आणि मालाच्या गाड्यांची वाट आधीच आखलेली, हे सगळं नव्या इमारतीच्या खर्चात.

एवढा भाग पुरा व्हायला 20-25 वर्षं सहज लागतात. लंडनच्या किंग्ज क्रॉसला 67 एकरांची मूळ परवानगी 2006 ची, तरी 2011 मध्येच कला महाविद्यालय जुन्या धान्य गोदामात आलं आणि घरं व्हायच्या आधी तिथे वर्दळ सुरू झाली. हॅम्बुर्गच्या हाफेनसिटीत रस्ते आणि इमारतींची जोती पुराच्या पातळीच्या वर उचलली आहेत. तिथे विकासकाला भूखंडावर आधी फक्त हक्क राखून मिळतो. स्पर्धेतून आराखडा निवडायचा, परवानगी घ्यायची आणि मग जमीन खरेदी करायची. जमीन अडवून बसणाऱ्याला त्यात थारा नाही.

तेव्हा तुमच्या शहरात असा आराखडा हरकतींसाठी खुला झाला की इमारतींची रंगीत चित्रं बाजूला ठेवा. माती-तपासणीचा अहवाल मागा, सार्वजनिक रस्त्यांची यादी मागा आणि कोणत्या कामानंतर किती चौरस मीटर बांधकाम मोकळं होणार याचा तक्ता मागा. तक्ता नसेल तर हरकतीत तेवढंच एक कलम लिहा: मलवाहिनी, शाळेची इमारत आणि स्टेशनपर्यंतची पायवाट पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्या टप्प्याला परवानगी नको.