केळी, काळी माती आणि धुळ्याच्या गल्ल्या: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार. खान्देश चितारायला धुळ्याच्या गल्ल्या बघाव्यात, अशा माझ्या लेखावर तुमचे आक्षेप तीन. काळी माती आणि केळीचं पान ही खान्देशाची विकाऊ लेबलं झालीत. काळी माती चाळून, पांढऱ्या गोंदात कालवून कॅनव्हासवर लावली तर तिच्या खपल्या निघाल्या. आणि छायाचित्रकार केकी मूस चाळीसगावात घराबाहेर फारसे न पडता एवढे मोठे झाले, मग चित्रकाराला शहर हवंच कशाला?

पहिलं मान्य. केळी, सोनं, भरीत चितारलं की चित्र जळगावचं होत नाही, मेळाव्याचा बॅनर होतो. लेखात धुळं घेतलं ते त्यामुळेच. १८१८ नंतर इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने जिल्ह्याचं ठाणं इथे आणलं आणि नवी पेठ आखून बसवली. तिथल्या गल्ल्या आजही नंबरांनी ओळखल्या जातात. अशा सरळ गल्लीत नजर टोकापर्यंत जाते आणि दोन्ही बाजूंच्या ओट्यांच्या कडा एका बिंदूकडे धावताना उघड दिसतात. वळणावळणाच्या गावात हा बिंदू दर दहा पावलांवर हरवतो.

धुळं घेण्याचं आणखी एक कारण ऊन. मेच्या शेवटच्या आठवड्यात धुळ्यात भरदुपारी सूर्य जवळजवळ माथ्यावर येतो. तेव्हा ऊन भिंतीवर पडत नाही, रस्त्यावर पडतं आणि तिथून उसळून वळचणीला खालून लागतं. त्यामुळे वळचणीखालची सावली निळी रंगवली की चित्र परकं वाटतं. ती तांबूस हवी, आणि भिंतीचा खालचा भाग वरच्यापेक्षा उजळ.

आता दुसरा आक्षेप, खपल्यांचा. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्याच कारणाने तुमच्या थराला पडल्या. त्यात थर जाड असला की वरचा पापुद्रा आधी सुकतो, आतला नंतर ओढतो. शिवाय कॅनव्हास हलतो, माती हलत नाही.

करायचं असं: एक भाग माती दहा भाग पाण्यात ढवळा, मिनिटभर थांबा. वाळू तळाला बसली की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. हे तीनदा करा. मग ते पाणी रात्रभर ठेवा, वरचं निवळ फेका, गाळ मलमलीतून गाळून सुकवा. या मातीचा एक भाग आणि खडूची बारीक पूड तीन भाग. खडू फुगत नाही, म्हणून तो ताण तोडतो. बांधायला बाभळीचा डिंक दुप्पट पाण्यात विरघळवून, गाळून, त्यात दोन थेंब मध. मध नसला तर थर ठिसूळ होतो, जास्त झाला तर पावसाळ्यात चिकटतो. जाड सुती कागद फळीवर चिकटवून पातळ चार हात द्या, एक पूर्ण वाळल्यावरच पुढचा. खडूमुळे रंग राखाडीकडे जाईल. गडद हवा असेल तर काजळी घाला, माती वाढवू नका.

माती भाजून बघू असं कुणी सुचवेल. वीटभट्टीच्या आचेत तिचं फुगणं जातं, पण काळेपणाही जातो. आतल्या लोहामुळे ती विटकरी होते.

धाब्याच्या घरांच्या सपाट छतावर टाकतात ती खारी माती पांढुरक्या रंगासाठी मोह घालते. न धुता वापरली तर दमट हवेत कागदावर मिठाची बुरशीसारखी पांढरी लव येते. पाणी बदलून पाच-सहा वेळा धुवा, जिभेला खारट लागेनाशी होईपर्यंत.

मूस यांचं उदाहरण मात्र माझ्या विरोधात जातं, आणि ते तसंच राहू द्या. टेबलावर मांडणी करून त्यांनी जी दृश्यं टिपली त्यांना चाळीसगावचा रस्ता लागला नाही. पण स्थानिक सामान वापरणं ही आजकालची टूम आहे, हे तुमचं वाक्य पटत नाही. १९३६मध्ये खान्देशातल्याच फैजपूरला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्याच साध्या सामानाने केली होती.

पुन्हा करून बघणार असाल तर आधी वीतभर कागदावर पट्टी ओढा आणि आठवडाभर खिडकीत ठेवा. तडकली तर खडू आणखी अर्धा भाग वाढवा. बोटाला माती लागत असेल तर डिंक कमी पडलाय.