हात लावू नका म्हणे!

आज भाचीला घेऊन एका 'करिअर कार्यशाळे'ला गेले होते. डोकं फिरवून घेऊन परत आलेय, तेव्हा पोस्ट लांबणार.

जाहिरातीत मोठ्ठ्या अक्षरांत 'प्रत्यक्ष अनुभव'. आत बघते तर लेथभोवती, म्हणजे धातू फिरवत कापायच्या यंत्राभोवती, दोरी आणि दोरीला पाटी, 'हात लावू नये'. एक गृहस्थ माइकवरून कौशल्याचं महत्त्व सांगत होते. संपेचना. त्यांच्या बोटांना आयुष्यात कधी ग्रीस लागलं असेल असं काही वाटलं नाही. मग वेल्डिंगच्या टेबलापाशी रांग. भाचीचा नंबर लागला, हेल्मेट चढलं, मागून एकाने तिचा हात धरून रॉड टेकवला, ठिणग्या उडाल्या, फोटो निघाला, चला पुढचा. बाहेर पडताना लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र. कसलं? फोटो काढल्याचं?

येताना विचारलं, कसं वाटलं गं? "काचेतून काही दिसतच नव्हतं मावशी. नुसता अंधार."

अगं, तसंच असतं! रॉड आणि प्लेटमधली विजेची ज्योत, म्हणजे आर्क, पेटेपर्यंत हेल्मेटच्या त्या काळ्या काचेतून अंधारच दिसतो, आणि रॉड नेमका कुठे टेकवायचा तेच तर शिकायचं असतं. सुरुवातीला तो प्लेटला चिकटतो. झटका देऊन सोडवायचा, आगपेटीवर काडी ओढावी तसा पुन्हा ओढायचा, पुन्हा चिकटतो. पोरीचा रॉड एकदाही चिकटला नाही, म्हणजे वेल्डिंग तिने केलंच नाही, मागच्या माणसाने केलं.

मी फिटरचं काम शिकायला गेले तेव्हा सरांनी व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंजात, लोखंडाचा तुकडा बांधला, हातात लोखंड घासायची कानस दिली आणि म्हणाले, "एक बाजू सपाट कर." भाषण नाही, उद्घाटन नाही. मी जीव तोडून घासलं, हाताला फोड आले, लोखंड छान चकाकायला लागलं. मला वाटलं, झालं! सरांनी जॉबवर, म्हणजे त्या तुकड्यावर, काटकोन तपासायचा गुण्या ठेवला, उजेडासमोर धरला आणि मलाच बघायला लावलं. मध्ये फुगवटा, दोन्ही कडांना फट, उजेड आरपार. नवशिक्याच्या हातात कानस वरखाली डुलते आणि कडाच जास्त झिजतात. सुरुवातीला डाव्या हाताचा दाब जास्त, पुढे सरकताना तो हळूहळू उजव्या हातावर यायला हवा. हे फळ्यावर लिहून दिलं असतं तर मी वहीत उतरवून घेतलं असतं आणि विसरले असते. ती फट अजून डोळ्यांसमोर आहे.

आणि माझ्या शेजारचा मुलगा! वर्गात सगळ्यात हुशार. संध्याकाळी त्याने कानस खाली ठेवली आणि म्हणाला, हे आपल्याच्याने होणार नाही. घरच्यांनी त्याला काय काय ऐकवलं असेल! मला विचाराल तर त्या दिवशी सगळ्यात जास्त तोच शिकला. एका दिवसात कळलं, वर्षं वाचली. कार्यशाळा त्यासाठीच असते ना? स्वित्झर्लंडमध्ये मुलं शिकाऊ उमेदवारीचा करार करण्याआधी काही दिवस खऱ्या कामाच्या जागी जाऊन काम करून बघतात. नाही पटलं तर दुसरीकडे जाऊन बघतात. कुणी त्याला अपयश म्हणत नाही. आपल्याकडे मात्र पोरगं 'नको' म्हणालं की सगळं घर सुतकात.

हो, सुरक्षितता. मान्य. चालू लेथपाशी ओढणी, सैल बाही, मोकळे केस नकोत, हातमोजेसुद्धा नकोत, त्यामुळे ती दोरी एक वेळ समजू शकते. पण कानशीला कसली दोरी? मूठ घट्ट बसवलेली आहे ना बघा आणि द्या की पोरांच्या हातात! 'माल वाया जातो' म्हणे. जाऊ दे ना. वाया घालवायलाच तर बोलावलंय त्यांना. वर्ल्डस्किल्स नावाची कारागिरीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९५० पासून चालू आहे. तिथे पोरांना ठरलेल्या वेळात काम करून दाखवावं लागतं आणि गुण त्या कामाला मिळतात. माइकला नाही.

आता जरा शांत झाले, तर ज्याने भाचीचा हात धरला होता त्याच्याबद्दलही लिहिते. त्याच्या मनगटावर ठिणग्यांचे जुने डाग होते. त्याला सगळं येत होतं आणि शिकवायचीही इच्छा दिसत होती. भाचीला म्हणाला, "ताई, वेळ असता तर तुलाच करू दिलं असतं." वेळ का नव्हता? कारण एवढी पोरं एका दिवसात 'कव्हर' करायची होती. कमी पोरं बोलवा ना मग! फोटोत गर्दी कमी दिसेल, एवढंच ना?

असो. तुमच्यापैकी कुणाचं स्वतःचं वर्कशॉप असेल, फॅब्रिकेशन, सुतारकाम, मोटर रिवाइंडिंग, काहीही, तर इनबॉक्समध्ये सांगा. भाचीला सुट्टीत काही दिवस पाठवायचंय. झाडू मारायला लावलंत तरी चालेल, पण एक जॉब पहिल्यापासून शेवटपर्यंत तिचा तिला करू द्या, बिघडला तरी. मालाचे पैसे मी देईन. प्रमाणपत्र नको, एक आहे आमच्याकडे.